ज्याचा त्याचा खुंटा

बाजाराच्या दिवशी सगुणाबाई भोरला उतरली, पण बाजारात गेली नाही. एसटी स्टँडाच्या मागं जलालभाईंचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, तिथं येऊन उभी राहिली. दारात जळक्या तांब्याच्या तारेचे गुंडे, आत वार्निशाचा उग्र वास. तिनं वहाणा बाहेर काढल्या, ओच्यातनं एक फडकं काढलं आणि गाठ सोडता सोडता विचारलं, "डेरीत कांपुटर बसवनारी पोरगी हितलीच का?"

जलालभाईंनी हातातली मोटार खाली ठेवली. "आमचीच. अम्रीन, बेटा, बघ कोण आलंय."

अम्रीन आतून आली. वय सव्वीस. भोरच्याच कॉलेजात शिकली, आणि पुण्याची वाट न धरता बापाच्या दुकानात आतल्या अंगाला कॉम्प्युटर दुरुस्तीचं टेबल टाकून बसली. भोरहून वेल्ह्याकडं जाणाऱ्या वाटेवर उंबरओहळ नावाचं गाव आहे. तिथल्या दूध डेअरीतला कॉम्प्युटर त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात, तिनंच जुळवून दिला होता.

सगुणाबाईनं तिला खालून वर न्याहाळलं. मग सावकाश म्हणाली, "पोरी, तुझ्या पेटीनं माझ्या दुधात पानी वतलं."

"बसा मावशी. काय झालं?"

"बसाया न्हाई आले. शनवारी मिटिंग हाय डेरीत. चेरमन म्हन्त्यात, वरच्या वस्तीचं दूध बंद. सात घरं हाईत आमची धनगराची. घरटी एक नाय तर दोन म्हशी. पहिली धार देवाला, मग किटलीला. त्या दुधात पानी घालायचं म्हंजी देवाच्या तोंडात घातल्यावानी. नि आता गाव म्हन्तं, सगुणी पानी वतती. पानवठ्यावर बाया माझी घागर बघून हसत्यात."

फडक्यात पावत्या होत्या. डेअरीच्या प्रिंटरनं छापलेल्या, बोटभर रुंदीच्या. सगुणाबाईला अक्षर येत नव्हतं, पण पहिल्या दिवसापासूनची एकही पावती तिनं टाकली नव्हती. लिहिलेलं टाकू नये, एवढं तिला ठाऊक होतं.

अम्रीननं वरची पावती वाचली. दूध सहा लिटर आठशे, फॅट चार. म्हशीच्या दुधाला चार फॅट म्हणजे पाणी घातलंय, हे लहान पोरसुद्धा सांगेल.

"मावशी, म्हैस दूध किती देते?"

"सकाळचं चार लिटर. माझी किटलीच पाच लिटराची. तिच्यात पावणेसात मावंल कसं, सांग बरं."

"हे चेअरमनना सांगितलं?"

"सांगितलं की. म्हनले, मशीन खोटं बोलत न्हाई, मानूस बोलतं."

अम्रीन खाली बसली आणि पावत्या तारखेवार लावू लागली. सोमवार, पावणेसात लिटर, फॅट चार. मंगळवारी तेच. मध्येच एक पावती वेगळी निघाली: दूध चार लिटर, फॅट सहा पूर्णांक आठ. आणखी थोड्या पावत्यांनंतर तशीच दुसरी. तिनं तारखा पाहिल्या, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सगळे रविवार.

"मावशी, रविवारी तिकडं काय वेगळं असतं?"

सगुणाबाई विचारात पडली. "रविवारी? काय न्हाई. रविवारी लाईट जात न्हाई, येवढंच. बाकी दिशी साडेसातला लोडशेडिंग. आमी डोंगर उतरून येस्तवर आठ वाजत्यात."

अम्रीननं रविवारची आणि सोमवारची पावती शेजारी शेजारी धरली. आकडे तेच होते, फक्त त्यांनी जागा बदलल्या होत्या. लिटराच्या जागी फॅट बसला होता आणि फॅटच्या जागी लिटर.

"मावशी," ती म्हणाली, "पाणी मी घातलंय. शनिवारच्या आत काढून देते."

सगुणाबाईनं फडकं झटकलं, घडी घातली. "मग ह्या पावत्या तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. काढून झालं की दे."

ती गेल्यावर जलालभाईंनी खाली ठेवलेली मोटार उचलली. मग म्हणाले, "गुंडाळी जळाली की गिऱ्हाइकाला दोष देत नाही आपण. तार उकलतो, पुन्हा भरतो."

"उकलते, अब्बा," अम्रीन म्हणाली.

*

डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली. दारापाशी काटा, त्याच्या शेजारी फॅटचं मशीन, कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर. काट्यातून एक वायर निघे, मशीनमधून एक. दोन्हींच्या टोकाला एकसारखी निळी डबी, आणि त्या डब्या कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या दोन खाचांत बसत. दूध ओतलं की वजन आणि फॅट आपसूक कॉम्प्युटरात जाई आणि पावती छापून निघे.

दूध ओतायचं काम सावळारामचं. पूर्वी तो काटा बघून आकडा पुकारायचा, "गेनबा, आठ लिटर." सगळी रांग ऐकायची. कॉम्प्युटर आल्यावर पुकारणं बंद झालं. पेटी लिहिते आहे म्हटल्यावर घसा कशाला कोरडा करायचा? फॅटच्या मशीनला स्वतःची काच होती, तिच्यावरही आकडा उमटायचा. पण दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत सावळारामच्या बायकोनं, बाळाबाईनं, त्या काचेवरच तेलाशेंदराचं स्वस्तिक काढलं होतं. पूजेची खूण पुसायची छाती कुणाची होणार? महिना होऊन गेला तरी आकडा शेंदरामागंच उमटत होता आणि विझत होता.

बुधवारी सकाळचं दूध गाडीत चढल्यावर अम्रीननं कॉम्प्युटर उघडला. साडेसातच्या झटक्यात काय होतं, ते तिला आता दिसत होतं. लाईट जाई, इन्व्हर्टर लागे, पण मधल्या क्षणात कॉम्प्युटर बसे आणि पुन्हा उठे.

त्या कॉम्प्युटरात लिनक्स होतं. लिनक्समध्ये जोडलेल्या प्रत्येक वस्तूची एक फाईल असते, आणि त्या फाईलचं नाव हीच त्या वस्तूची ओळख. निळ्या डब्यांना नावं मिळत ती हजर होण्याच्या क्रमानं. पहिली हजर होईल ती शून्य, दुसरी एक. अम्रीननं उन्हाळ्यात प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं, शून्य म्हणजे काटा, एक म्हणजे फॅट. कॉम्प्युटर पडून उठला की हजेरीचा क्रम उलटत होता, आणि प्रोग्रॅम बिचारा शून्याला काटाच समजत होता.

"म्हंजी किटल्यांच्या रांगेगत," सावळाराम म्हणाला. तो मागं उभा राहून ऐकत होता. "जो पयला त्याचा नंबर पयला. पर उद्या गेनबाच्या आधी कोंडिबा आला, म्हून काय कोंडिबाचं नाव गेनबा व्हतं?"

"तेच तर, काका. मी नावाऐवजी नंबर धरून बसले."

नवं लिनक्स त्याला एक तोड देत होतं. यूडेव्ह नावाचा एक कारभारी त्यात बसलेला असतो. वस्तू जोडली की तो तिला नाव देतो, काढली की नाव पुसतो. आपण त्याला नियम लिहून द्यायचा, अशी अशी खूण दिसली की हेच नाव दे, मग ती पहिली येवो की शेवटची. अम्रीननं भोरच्या नेट कॅफेतून त्याची माहिती छापून आणली होती, बावीस पानं.

आधी खूण शोधायला हवी. तिनं आज्ञा दिली आणि पडद्यावर वंशावळ सुरू झाली. ही डबी, तिचा बाप हा, बापाचा बाप हा. सुगीनंतर बैल घेऊन येणारा हेळवी ओट्यावर बसून सात पिढ्या म्हणतो, तसा तो कॉम्प्युटर ओळीमागून ओळी म्हणत होता. कंपनी अमुक, जात तमुक, जन्माचा नंबर...

जन्माच्या नंबराची जागा रिकामी होती.

तिनं दुसऱ्या डबीची वंशावळ काढली. कंपनी तीच, जात तीच, नंबराची जागा रिकामी. स्वस्तातल्या डब्या, कारखान्यानं त्यांना नंबरच घातले नव्हते. तरी तिनं कंपनीच्या खुणेवर नियम लिहून पाहिला. दोन्ही डब्यांनी एकाच नावावर हक्क सांगितला आणि पावतीच छापेना. कंपनी सोडून जातीवर लिहिला. तेच झालं. चारची एसटी हुकली, ती साडेपाचच्या एसटीनं परत गेली. गुरुवारी पुन्हा आली, पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच.

दुपारी दारात सावली पडली. सगुणाबाई.

"पोरी, तोंड बघ की तुझं, शेनी थापल्यागत झालंय. चल वर, भाकरी खा."

"मावशी, काम राहिलंय."

"काम कुठं पळतंय? तुझी पेटी काय डोंगर चढून जानार न्हाई."

वाट करवंदीच्या जाळ्यांतून वर जात होती. चढता चढता अम्रीनला धाप लागली, सगुणाबाई बोलतच होती. वस्तीवर पोचल्या तेव्हा म्हशी पाण्यावरून परतत होत्या. सगुणाबाईच्या दोन म्हशी गोठ्याच्या दारातून आत शिरल्या. कुणी हाकललं नाही, कुणी हाक मारली नाही. एक उजव्या खुंट्याला गेली, दुसरी डाव्या. उभ्या राहिल्या, रवंथ करू लागल्या.

अम्रीननं दोघींकडं पाहिलं. शिंगं सारखीच, कपाळावर चांद नाही, अंगावर एक पांढरा केस नाही. "मावशी, ह्यांना ओळखता कशा?"

"बहिनी हाईत. एका आईच्या. तोंडावरनं म्याबी फसते कवा कवा. वळखायचं कशाला? उजव्या खुंट्याची दुभती, डाव्या खुंट्याची गाभन. पहाटंच्या अंधारात आले तरी हात बराबर जातो." ती दुभतीच्या पाठीवर हात फिरवत खाली बसली आणि सहज गुणगुणली,

काळी माझी म्हस, काळ्या राती काळी झाली,
आपल्या खुट्याला गं, आपसूक उभी ऱ्हाली.

अम्रीन भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसली होती. दोन दिवस ती डब्यांच्या तोंडाकडं बघत होती. वंशावळीत वरच्या ओळींत आणखी एक गोष्ट लिहिलेली होती, जी तिनं वाचून सोडून दिली होती: डबी कुठल्या खाचेत बसली आहे. एकीचं ठिकाण एक, दुसरीचं ठिकाण दोन. खुंटा उजवा, खुंटा डावा.

"मावशी, निघते मी."

"अगं भाकरी."

"वाटेत खाते."

शुक्रवारी तिनं काट्याची डबी पहिल्या खाचेत, फॅटची दुसऱ्या खाचेत बसवली आणि दोन ओळींचा नियम लिहिला. पहिल्या खाचेत जी डबी बसेल तिचं नाव काटा. दुसऱ्या खाचेत बसेल तिचं नाव फॅट. प्रोग्रॅमला सांगितलं, शून्य आणि एक विसर, ही दोन नावं धर. मग स्वतःच्या हातानं बटण बंद केलं, चालू केलं. काटा काट्याच्या जागी, फॅट फॅटच्या जागी. तिनं अकरा वेळा कॉम्प्युटर पाडला. अकरा वेळा तो उठला आणि एकदाही चुकला नाही.

*

शनिवारी ती पहिल्या एसटीनं आली. मिटिंग होती म्हणून गर्दी जास्त होती, दूध घालून झालेली माणसंही पारावर थांबणार होती. चेअरमन धनाजीराव पहिले आले. दावणीला चार म्हशी, दोन मोठ्या किटल्या. सावळारामनं दूध ओतलं, पावती निघाली. धनाजीरावांनी ती डोळ्यांपाशी धरली, मग लांब धरली.

"सावळा, हे काय?"

दूध सहा लिटर दोनशे. फॅट अठरा.

मागं कोंडिबा उभा होता. त्यानं मान पुढं घालून वाचलं. "चेरमन, म्हशीला काय लोणी चारताय का? अठरा फॅट. उद्यापासनं कढवायचीबी गरज न्हाई, नुसती धार मारा नि पोळीवर घ्या."

रांग हसली. धनाजीरावांचा चेहरा उतरला. "मशीन बिघडलंय."

"मशीन खोटं बोलत न्हाई म्हनं," मागून कुणीतरी बाई म्हणाली, आणि हसू आणखी मोठं झालं.

अम्रीन हसली नाही. कुणी दुसरी असती तर इथंच थांबली असती. चेअरमनच्याच दुधानं साक्ष दिली होती, वस्तीवरचा आळ सुटायला एवढं पुरलं असतं. पण तिनं अकरा वेळा बघितलेली गोष्ट बाराव्या वेळी चुकली होती. आज सुटलेला आळ उद्या पुन्हा लागला असता, आणि तेव्हा हसायला चेअरमनची पावती मिळाली नसती. ती टेबलाखाली शिरली आणि वायरी पाहिल्या. काट्याची डबी दुसऱ्या खाचेत होती, फॅटची पहिल्या.

"काका, वायरी कुणी हलवल्या?"

"म्या," सावळाराम म्हणाला, त्यात लपवण्यासारखं काही नाही अशा आवाजात. "रोज सांजच्याला काढतो, रोज सकाळी घालतो. तू सांगितल्यापरमानं, आधी काट्याची, मग फॅटची."

"रोज? उन्हाळ्यापासून?"

"गेल्या साली देवळातला टीव्ही विजंनं फुटला. धूर निघाला नुसता. ही पेटी तर गावाची. वायर जोडून ठिवली नि रातच्याला वीज पडली तर जबाब कुनी द्यायचा?"

अम्रीन टेबलाखालीच बसून राहिली. आता सगळं जुळलं. सावळाराम चालू पेटीला आधी काट्याची वायर घाली म्हणून सकाळी काटा शून्य होई, आकडे सुलट. साडेसातला कॉम्प्युटर पडून उठला की तो क्रम विसरे आणि खाचांच्या क्रमानं हजेरी घेई. आणि खाच? सावळारामच्या हाताला दुसरी खाच आधी लागे, म्हणून काट्याची डबी रोज तिथं जाई. वायरी काढू नका, असं म्हणणं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. या डोंगरात वीज पडते ती खरीच पडते. हा माणूस पाच महिने गावाची वस्तू जिवापाड सांभाळत होता. तिनंच कधी विचारलं नव्हतं.

"काढत जा, काका. बरोबर करताय तुम्ही. फक्त जिथनं काढली तिथंच घालायची."

"कळंल कशी? मागं अंधार. भोकं सारखी, डब्या सारख्या."

तोवर सगुणाबाई आली होती. आज ती वेळेच्या आधी निघाली होती, किटली डोक्यावर, कमरेला लोकर कातायची चाती आणि चालता चालता कातलेलं काळं-पांढरं सूत. ती ओणवी होऊन टेबलाखाली बघू लागली.

"म्हंजी जनावर नवं, खुंटा म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "मग दाव्याला खूण बांध की."

तिनं काळ्या लोकरीचा धागा दातानं तोडला आणि काट्याच्या वायरीला तीन वेढे दिले. पांढरा धागा फॅटच्या वायरीला. खाचांना धागा बांधता येईना. अम्रीननं पिशवीतून वार्निशाची बाटली काढली, वायंडिंगवाल्याची लेक ती, बाटली पिशवीत असायचीच. काळ्या लोकरीचे चार तंतू पहिल्या खाचेच्या कडेला वार्निशात चिकटवले, पांढऱ्याचे चार दुसऱ्या खाचेच्या कडेला.

"काका, आता काढा आणि घाला. मी बघत नाही."

सावळारामनं वायरी उपटल्या. डोळे मिटून बोटांनी लोकर चाचपली, तेवढ्यानं भागेना, मग डोळे उघडून लोकरीला लोकर जुळवली. त्या दिवशी त्यानं मुद्दाम फॅटची आधी घातली.

धनाजीरावांचं दूध पुन्हा तोललं गेलं. अठरा लिटर, फॅट सहा पूर्णांक दोन. कोंडिबा म्हणाला, "गेलं लोणी." पण रांग आता पेटीकडं बघत होती.

वरच्या वस्तीची बाकीची माणसं आली तेव्हा साडेसात होत आले होते. सगुणाबाईनं आपली किटली मुद्दाम मागं ठेवली. "लाईट जाऊ दे. मंग वतते."

लाईट गेली. खोलीत टक्कन आवाज झाला, पडदा काळा झाला, इन्व्हर्टर गुणगुणला. कॉम्प्युटर पुन्हा उठायला लागला, एक एक ओळ म्हणत, आणि पन्नास माणसं दाराशी माना उंचावून उभी. सगुणाबाईनं किटली पुढं केली.

दूध ओतल्यावर सावळाराम काट्याकडं वळला आणि त्यानं कितीतरी दिवसांनी घसा साफ केला. "सगुणाबाई. चार लिटर."

फॅटचं मशीन घुमलं आणि थांबलं. काचेमागं आकडा उमटला होता, पण दिसत नव्हता. अम्रीनचा हात उचलला गेला नाही. बाळाबाई गर्दीतून पुढं आली, काचेपाशी हात जोडले, पदराच्या टोकानं शेंदूर टिपला. तेवढाच शेंदूर तिनं मशीनच्या कपाळी, वरच्या पत्र्याला लावला. "सासू असती तर मला बोल लावला असता," ती पुटपुटली, "पर देवाला वर बसवलं, खाली न्हाई."

काचेवर सहा पूर्णांक आठ.

पावती निघाली. अम्रीननं ती हातात न घेता धनाजीरावांकडं बोट दाखवलं. त्यांनी वाचली, मोठ्यानं. "दूध चार लिटर. फॅट सहा पूर्णांक आठ." मग खाली बघून म्हणाले, "चला. मिटिंगचा पहिला विषय रद्द."

"रद्द नगं," सगुणाबाई म्हणाली.

धनाजीराव थांबले.

"विषय घ्या. तुमी पारावर बसून म्हनला व्हता, वरची वस्ती पानी घालती. तितंच बसा, नि तितनंच सांगा."

अम्रीननं पिशवीतून पावत्यांची चळत काढून त्यांच्यापुढं धरली. "रविवारच्या वेगळ्या लावल्यात. बाकीच्या उलट्या वाचा, म्हणजे सुलट होतील. चूक माझी आहे, तेही पारावरून सांगते."

सगळी पारावर गेली. अम्रीन आधी बोलली, थोडक्यात. मग धनाजीरावांनी पावत्या एकेक करून वाचायला घेतल्या, उलट्या. सातआठ झाल्यावर पुरे म्हणतील असं वाटलं होतं, पण सगुणाबाई समोरून हलेना, म्हणून ते वाचत राहिले. चार लिटर, सहा आठ. चार लिटर, सहा नऊ. पावणेचार, सात. पानवठ्यावरून घागरी घेऊन आलेल्या बायाही थांबल्या होत्या. शेवटची पावती संपली तेव्हा ऊन पारावर चढलं होतं. ते म्हणाले, "वरच्या वस्तीच्या दुधात पाणी नव्हतं. माझी चूक झाली, मावशी."

सगुणाबाईनं पावत्या परत घेतल्या, आजची सगळ्यांत वर ठेवली, फडक्याची गाठ मारली. रिकामी किटली उचलताना अम्रीनला म्हणाली, "उद्या रविवार. लाईट जायची न्हाई. तरी तू ये."

"उद्या कशाला, मावशी?"

"भाकरी अर्धीच खाल्लीस परवा."